व्हिसाच्या कागदात आपला ऊस दिसला पाहिजे



या पानावर आम्ही नेहमी बेण्याबद्दल, पाचटाबद्दल, खोडव्याच्या खतपाण्याबद्दल लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. पण तो शेतकी खात्याच्या बाहेरचा आहे असे कोणी समजू नये. गेल्या साली आपल्या माहूर गटातले एक सभासद परदेशच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवडले गेले, सगळी तयारी झाली आणि व्हिसा नाकारला गेल्यामुळे ते घरीच राहिले. गावात त्याची बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, तिकडच्या लोकांना शेतकरी म्हणजे फाटका माणूस वाटतो. कोणी म्हणाले, वशिला कमी पडला. आम्ही त्या प्रकरणाचे सगळे कागद पुन्हा एकदा चाळून पाहिले. आमचे मत असे झाले आहे की, यात वकिलातीची चूक थोडी आहे, आपली जास्त आहे, आणि आपल्यातही मोठा वाटा आमच्या शेतकी कार्यालयाचा आहे. म्हणून हे लिहिणे.

सदर सभासदांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पैनगंगेच्या काठी त्यांची साडेपाच एकर बागायत आहे. ऊस ठिबकवर आहे. पाचट ते जाळत नाहीत. खोडवा कसा राखावा हे गटातल्या इतरांना दाखवायचे असले की आम्ही त्यांच्याच फडात सगळ्यांना घेऊन जातो. असा माणूस दौऱ्यावर जावा हे योग्यच होते.

दौरा युरोपातल्या बीट साखरेच्या मुलखाचा होता. तिकडे ऊस नाही, परंतु बीटाच्या कंदापासून साखर निघते आणि बऱ्याच ठिकाणी कारखाने शेतकऱ्यांच्याच मालकीचे आहेत. नेदरलँड्समधील कोसून ही बीट उत्पादकांची सहकारी संस्था. तिचे मूळ १८९९ सालापर्यंत जाते. फ्रान्समधील तेरेओस हीसुद्धा बीट शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था. आपल्याकडे प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्याच्या अर्धशतक आधी तिकडचे शेतकरी या वाटेने गेले होते. त्यांच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट तर आपल्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत निघते. तिथे कारखान्यात आलेल्या बीटाचा नमुना शेतकरीवार काढतात, त्यात माती किती, साखर किती हे तपासतात, आणि १६ टक्के साखर हे प्रमाण धरून ज्याचा त्याचा दर कमीजास्त होतो. आपल्याकडे एफ.आर.पी. कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती. म्हणजे स्वच्छ, पक्व ऊस घालणारा आणि पाला-वाढ्यांसकट ऊस घालणारा, दोघांना भाव एकच. "चांगल्या उसाला चांगला भाव कवा देणार?" हा प्रश्न आमच्या या सभासदांनीच दोन सभांत उभे राहून विचारला होता. दुसरीकडे हे कसे चालवतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहावे आणि इथे येऊन सांगावे, एवढाच त्या दौऱ्यात पाठविण्याचा हेतू होता.

आता व्हिसाचे पाहू. पासपोर्ट आपले सरकार देते. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याची परवानगी, ती त्या देशाची वकिलात देते. युरोपातल्या २९ देशांचा मिळून एकच अल्प मुदतीचा व्हिसा असतो. त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात, कारण हा करार १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन नावाच्या गावी झाला. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून देता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निकाल साधारणपणे १५ दिवसांत लागतो; चौकशी वाढली तर ४५ दिवसही जातात. फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे आठ-दहा हजार रुपयांच्या घरात, वर अर्ज केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

वकिलातीची हद्द आपल्या राहत्या जागेवरून ठरते. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. १९५६ पर्यंत तर आपला सगळा कारभार हैदराबादकडूनच चालत होता. पण आज जिल्हा महाराष्ट्रात असल्याने आपला कागद मुंबईच्या वकिलातीकडे जातो. अर्ज घेण्याचे काम खाजगी कंपनीची केंद्रे करतात; ती मुंबईत आहेत, काही देशांची पुण्यातही आहेत. तिथे बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आमचे सभासद माहूरहून किनवटला गेले, किनवटहून नंदिग्राम एक्सप्रेसने मुंबईला, आणि पुढे केंद्रावर. तिथल्या खिडकीवरच्या मुलीने विचारले, "सॅलरी स्लिप?" यांना पगार नाही. "इन्कम टॅक्स रिटर्न?" शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र कधी भरलेलेच नाही. "लीव्ह लेटर?" म्हणजे रजा मंजूर झाल्याचे पत्र. शेतकऱ्याला रजा कोण मंजूर करणार? बैल?

त्याच दौऱ्यात एक शिक्षक होते. घरची थोडी शेती आहे, ती भाऊ पाहतो. त्यांच्याजवळ पगारपत्रक होते, फॉर्म १६ होता, मुख्याध्यापकांच्या सहीचा रजेचा कागद होता. त्यांना व्हिसा मिळाला. त्यांच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण उसाची मुळे ज्यांनी हातात धरून पाहिली ते घरी राहिले आणि ज्यांचा ऊस दुसरा पाहतो ते बीटाचा कारखाना पाहून आले, हे घडले ते केवळ कागदामुळे.

नकाराबरोबर एक छापील कागद येतो, त्यावर ज्या कारणाने नाकारले त्यापुढे खूण असते. आमच्या सभासदांच्या कागदावर दोन खुणा होत्या. एक, प्रवासाचा हेतू व परिस्थिती यांचा समाधानकारक खुलासा झाला नाही. दुसरी, मुदत संपण्यापूर्वी हा मनुष्य देश सोडून परत जाईल याविषयी शंका वाटते. दुसऱ्या खुणेचा अर्थ आम्ही मराठीत समजावून सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सायेब, म्या काय तिकडं राहायला जायलो का? माज्या खोडव्याला पानी कोन देईल?"

या एका वाक्यात व्हिसाचे सगळे उत्तर होते. दुर्दैवाने अर्जाच्या गठ्ठ्यात ते कोठेच नव्हते. त्यात काय होते ते पाहा.

बँकेचा उतारा होता, शेवटच्या तीन महिन्यांचा. अर्ज ऑगस्टात गेला. आपले उसाचे बिल हंगामात येते. त्यातून सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी, बेणे-खताची उचल कापून उरलेली रक्कम खात्यावर जमा होते. आणि लग्नकार्य, खते, शाळेची फी यांत ती उन्हाळ्यातच संपते. जून ते ऑगस्टचा उतारा कोणत्याही ऊस शेतकऱ्याचा कोरडाच दिसणार. वर्षभराचा उतारा आणि कारखान्याचे बिल जोडले असते तर एकूण रक्कम दिसली असती, कपात दिसली असती, कर्ज वेळेवर फिटते हेही दिसले असते. ते कोणी जोडले नाही.

त्याऐवजी एका एजंटाने सल्ला दिला की, खात्यावर तीन लाख दाखवा. यांनी मेव्हण्याकडून तीन लाख आणून अर्जाच्या आठ दिवस आधी भरले. खात्यावर एरवी पाच-सात हजार, आणि एकदम तीन लाख. वकिलातीतला माणूस रोज शेकडो उतारे पाहतो. त्याला हे कळणार नाही असे कसे होईल? वजनकाट्यावर गाडीत दगड ठेवून वजन वाढविणारा आपल्याला कळतो, तसेच हे आहे. खरा कष्टाळू माणूस एका उसन्या रकमेने खोटा ठरला.

नावाचाही घोळ होता. माहूर-किनवट भागात हे घरोघर आहे. ७/१२ वर 'पाटील', शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव. नाव व्यंकट, ते इंग्रजीत आधारवर 'व्ही-वाय' ने सुरू होते, बँकेत 'व्ही-ई' ने. मारोतीचा मारुती होतो, गंगाधरच्या पुढचे वडिलांचे नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. आपल्याला ठाऊक असते की माणूस एकच. परक्या माणसाला ते तीन माणसांचे कागद वाटतात.

आणि शेवटी कारखान्याचे पत्र. ते आमच्याच कार्यालयातून गेले होते. "सदर इसम हे आमच्या कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद असून त्यांची वर्तणूक चांगली आहे." बस्स, एवढेच. तेही मराठीत. खाली आमची सही. दहा वर्षांपूर्वीचा मसुदा, नाव बदलून टाईप केलेला. ज्या माणसाच्या फडाची आम्ही वर्षातून दहा वेळा स्तुती करतो, त्याच्याबद्दल परदेशी अधिकाऱ्याला सांगण्यासारखी एकही गोष्ट आम्ही त्या पत्रात लिहिली नाही. किती ऊस घातला नाही, किती वर्षे घातला नाही, पुढच्या हंगामाची नोंद किती नाही. हे पत्र आम्ही पुन्हा वाचले तेव्हा आम्हाला आमच्या सहीची लाज वाटली. हे येथे कबूल करणे आम्हाला भाग आहे.

सभासदहो, व्हिसाच्या फॉर्मवर पानेच्या पाने प्रश्न असतात, परंतु त्या सगळ्यांच्या पोटात एकच प्रश्न असतो: हा मनुष्य परत येणार का? अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिले आहे की, भेटीसाठी येणाऱ्याने उलट सिद्ध करीपर्यंत तो कायमचा राहायला येतो आहे असेच धरून चालावे. आपल्यातल्या कित्येकांची मुले-मुली आता पुण्याहून जर्मनीला, अमेरिकेला गेली आहेत. नातवंडाचे तोंड पाहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही हाच प्रश्न पडतो. तेव्हा हा विषय दौऱ्यावाल्या चार माणसांचा राहिलेला नाही.

नोकरदाराच्या परतीचा पुरावा म्हणजे नोकरी. व्यापाऱ्याचा पुरावा म्हणजे दुकान. आमच्या मते ऊस शेतकऱ्याचा पुरावा या दोन्हींपेक्षा पक्का आहे. नोकरी सोडता येते, दुकान विकता येते. पण ज्याचा दोन एकर पूर्वहंगामी ऊस डिसेंबरात तुटायचा आहे आणि ज्याच्या नावाची नोंद कारखान्याच्या दप्तरात आहे, तो ऑक्टोबरात परत येणारच. उभा ऊस हा परतीचा जामीन आहे. फक्त तो जामीन कागदावर आला पाहिजे, आणि तो आणण्याचे काम कारखान्याचे आहे. कारण ती नोंद आमच्या चिटबॉयने घेतलेली आहे, सभासदाच्या घरात तिची जेमतेम एक पावती असते.

म्हणून आमची संचालक मंडळास विनंती आहे की, परदेशी जाणाऱ्या सभासदासाठी एक ठरावीक दाखला मंजूर करावा. एक पान पुरे. इंग्रजीत. त्यात सभासद क्रमांक व किती वर्षांपासून सभासद. मागील तीन हंगामांत घातलेला ऊस टनांत. प्रत्येक हंगामाचे एकूण बिल, सोसायटीची व इतर कपात, निव्वळ रक्कम आणि ती बँकेत जमा झाल्याची तारीख. आणि पुढील हंगामासाठी नोंदलेला ऊस, त्याचा गट नंबर, क्षेत्र हेक्टरमध्ये, जात, लागणीची तारीख व तोडीचा अंदाजे महिना, एवढे असावे. खाली सही, शिक्का आणि चौकशीसाठी कार्यालयाचा दूरध्वनी. आणि तो दूरध्वनी उचलणारा, इंग्रजीत चार वाक्ये बोलणारा माणूस. वकिलातीतून कधी फोन आलाच आणि आमच्या बाजूने "हॅलो, कोण पाहिजे?" एवढे म्हणून ठेवून दिला, तर दाखल्याचा काय उपयोग?

पण यास एक अट पाहिजे. हा दाखला मागेल त्याला वाटायचा नाही. ज्याने ऊस घातला, ज्याची नोंद प्रत्यक्ष फडात जाऊन पडताळली, त्यालाच तो द्यायचा. ओळखीच्या मुलाला, पाहुण्याला, ज्याच्या नावावर गुंठाभर ऊस नाही अशाला एकदा जरी तो दिला आणि तो गृहस्थ तिकडेच राहिला, तर पुढच्या दहा खऱ्या सभासदांच्या कागदाला कोणी विचारणार नाही. तद्वतच दौऱ्याला कोण जाणार याचाही विचार व्हावा. दौरा ही सहल नव्हे. शेतात राबणारा माणूस त्यात आधी असावा, आणि परत आल्यावर त्याने काय पाहिले ते याच पानावर लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर सांगावे, आम्ही लिहून घेऊ.

आता सभासदांनी काय करावे. पहिली गोष्ट, दौरा ठरण्याची वाट न पाहता पासपोर्ट काढून ठेवावा. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली आहेत, त्यामुळे आता पूर्वीइतकी यातायात राहिलेली नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून जुनी माणसे अडून बसतात. पण १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला व इतर काही कागदही जन्मतारखेसाठी चालतात. शेंगेनसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असला पाहिजे, मागील १० वर्षांतला असला पाहिजे, आणि त्यात दोन पाने कोरी पाहिजेत.

दुसरी गोष्ट, नाव एक करावे. ७/१२, ८-अ, आधार, पॅन, बँक आणि कारखान्याचे सभासद रजिस्टर समोर ठेवून एकदा बसावे. पासपोर्ट काढण्यापूर्वी हे केले तर सोपे जाते. भगिनींनी यात विशेष लक्ष घालावे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि ७/१२ वर तर नावच नाही, अशी पुष्कळ घरी स्थिती आहे. शासनाने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आणली, पतीच्या हयातीत पत्नीचे नाव ७/१२ वर लावण्याची सोय केली. आपल्या किती सभासदांनी तिचा लाभ घेतला? लागणीपासून खुरपणीपर्यंत जिचा हात, तिच्या नावावर कागद नाही, मग दौऱ्यात बाई कशी दिसेल?

तिसरी गोष्ट पैशाची. तीन महिन्यांच्या उताऱ्यावर न थांबता वर्षभराचा उतारा द्यावा, म्हणजे हंगामाचे बिल त्यात येईल. डिजिटल सहीचा ७/१२ व ८-अ काढून त्यांचे इंग्रजी भाषांतर सोबत लावावे. शक्य असेल त्याने हिशेबनीसाला विचारून विवरणपत्र भरत जावे. शेतीवर कर नसला तरी उत्पन्न दाखविता येते. उसने पैसे खात्यावर दाखवू नयेत. मुलगा किंवा भाऊ खर्च करणार असेल तर तसे त्याचे पत्र व त्याचा उतारा द्यावा, त्यात कमीपणा काही नाही. विमा ३०,००० युरोचा लागतो, तो घ्यावा. तिकिटाचे आरक्षण दाखवावे, पण व्हिसा हाती येईपर्यंत परत न होणारे तिकीट पैसे भरून काढू नये.

चौथी गोष्ट लहान वाटेल. बोटांचे ठसे. आमच्या सभासदांचे ठसे केंद्रावरच्या यंत्राने तीनदा नाकारले. राशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, तोच प्रकार. उसाच्या पाल्याने आणि खुरप्याने बोटांवरच्या रेघा झिजतात. जाण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस रात्री हाताला तेल लावावे, त्या दिवसांत चुना-सिमेंटचे काम टाळावे, आणि तरीही नाही उमटले तर घाबरून न जाता सांगावे. ठसे देणे शरीरानेच शक्य नसेल तर नियमात सूट आहे. एकदा ठसे दिले की पुढची जवळजवळ पाच वर्षे तेच चालतात.

पाचवी गोष्ट, खरे बोलावे. फॉर्म एजंटाने भरला तरी सही आपली असते. पूर्वी व्हिसा नाकारला असेल आणि फॉर्मवर तसे विचारले असेल तर "होय" लिहावे. शेंगेनची नोंद पाच वर्षे त्यांच्या यंत्रात राहते, लपवून लपत नाही. नकार म्हणजे कायमची बंदी नव्हे. नकाराविरुद्ध अपील करता येते, किंवा कागद सुधारून पुन्हा अर्ज करता येतो.

वकिलातींनाही आमचे सांगणे आहे, कारण चूक थोडी असली तरी आहे. त्यांचे सगळे प्रश्न पगारी माणसाला समोर ठेवून काढलेले दिसतात. भारतासारख्या देशात शेतकऱ्याचे उत्पन्न महिन्याला येत नाही, हंगामाला येते. कर्ज बँकेतून नव्हे तर बिलातून वळते होते. आणि आयकर नसणे म्हणजे उत्पन्न नसणे नव्हे. हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. एकट्या माहूरच्या सभासदाने ते सांगून भागणार नाही. शासनाचा कृषी विभाग शेतकऱ्यांना अनुदान देऊन परदेश दौऱ्यावर पाठवितो. त्या विभागाने आणि साखर संघाने मिळून मुंबईतल्या वकिलातींपुढे ऊस बिल, ऊस नोंद व ७/१२ या तीन कागदांचा अर्थ मांडावा, अशी आमची सूचना आहे.

काही सभासद म्हणतील, हे सगळे कशाला? आधी पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र पाहा, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहा, मग परदेश. हे बोलणे खरे आहे. पाडेगाव-मांजरी न पाहता युरोप पाहणारा शेतकरी म्हणजे गावची रेणुकामाता सोडून दूरच्या यात्रेला निघालेला भक्त. पण आमचे हे सभासद दोन्ही ठिकाणी जाऊन आलेले होते. स्वतःच्या खर्चाने. त्यांचा पुढचा प्रश्न इथे सुटण्यासारखा नव्हता, म्हणून ते पुढे निघाले होते. अशा माणसाला अडवायचे ते शेतीने अडवावे, पावसाने अडवावे. एका ओळीच्या पत्राने अडवू नये.

त्यांनी पुन्हा अर्ज करण्याचे ठरविले आहे. सुरुवातीला तयार नव्हते. "एकदा चोर ठरलो, आता दुसऱ्यांदा कशाला?" असे म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले की, चोर तुम्ही ठरला नाहीत, आमचा कागद कच्चा ठरला. या खेपेस मेव्हण्याचे पैसे नाहीत, एजंट नाही. वर्षाचा उतारा आहे, तीन हंगामांचे बिल आहे, नाव सगळीकडे एक करून घेतले आहे. आणि दाखला आम्ही स्वतः, त्यांच्या फडात उभे राहून, नोंदवहीशी ताडून लिहिला आहे. संचालक मंडळाचा ठराव होईपर्यंत थांबलो नाही. याबद्दल मंडळ रागावणार नाही अशी आशा आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. लागेल तो याच पानावर कळवू.

दरम्यान ज्यांना पुढेमागे जायचे आहे त्यांनी आपले कागद घेऊन गट कार्यालयात यावे. सोमवारी बाजाराच्या गर्दीत नको; गुरुवारी दुपारनंतर आम्ही बसतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी